हवेला भार वाहावयास लावणारा संशोधक : सर ख्रिस्तोफर कॉकरेल

जड वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे, हे मनुष्यजातीच्या अत्यंत जुन्या कष्टांपैकी एक होय. देवळाची शिळा असो, रथ असो वा तेलाचा घाणा असो, ती वस्तू उचलणे अशक्य झाले म्हणजे माणूस ती ओढू लागला. आणि ओढू लागताच जमिनीने तिला घट्ट धरून ठेविले आहे असे त्याच्या प्रत्ययास आले. या धरून ठेवण्यालाच आपण घर्षण म्हणतो. या घर्षणावर मात करण्यासाठी माणसाने प्रथम ओंडके सारले, मग चाक घडविले, पुढे त्या चाकात लोखंडी गोळ्या बसविल्या.

आम्हां बडोदेकरांस तर हे दृश्य चांगले परिचयाचे आहे. आमच्या शहराच्या आसपास विजेचे प्रचंड ट्रान्सफॉर्मर तयार होतात. असंख्य चाकांच्या गाडीवर असा एखादा ट्रान्सफॉर्मर लादून ती गाडी मुंगीच्या पावलाने रस्त्याने चालली म्हणजे सर्व वाहतूक थांबते आणि लहानथोर सारे तोंडात बोट घालून पाहत राहतात. परंतु रस्त्यावर येण्यापूर्वी ते धूड कारखान्याच्या छपराखाली एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात कसे नेले असेल, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. जेथे क्रेनचा हात पोहोचत नाही, तेथे पूर्वी जॅक, पहारी आणि लोखंडी रूळ हीच साधने असत. दहा-बारा माणसे घाम गाळीत, कोणाचा हात वा पाय चिरडणार नाही ना, या धाकात ते ओझे वीत-वीत सरकवीत असत.

आज याच कामासाठी एक नवल वाटावे असे साधन वापरले जाते. यंत्राच्या चार कोपऱ्यांखाली चार चपटे पाट सरकवितात, त्यांना दाबलेल्या हवेची नळी जोडतात व तोटी उघडतात. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज होतो, ते वीस टनांचे यंत्र बोट-दोन बोटे वर उचलले जाते आणि दोन-चार माणसे नुसत्या हाताने लोटून ते हवे तेथे नेऊन ठेवितात. यंत्र आणि जमीन यांच्यामध्ये ना चाक असते, ना रूळ. असतो तो केवळ हवेचा एक पातळ पापुद्रा! हवेच्या अंगी असलेले हे बळ ज्यांच्या प्रयत्नांनी जगाच्या नजरेस आले, त्या सर ख्रिस्तोफर कॉकरेल यांचे चरित्र आमच्या वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

ख्रिस्तोफर सिडनी कॉकरेल यांचा जन्म ४ जून १९१० रोजी इंग्लंडातील केंब्रिज या विद्यानगरीत झाला. त्यांचे वडील सर सिडनी कॉकरेल हे तेथील विख्यात फिट्झविल्यम संग्रहालयाचे प्रमुख होते. तरुणपणी त्यांनी कवी व कलावंत विल्यम मॉरिस यांचे चिटणीस म्हणून काम केले होते. आई फ्लोरेन्स ही हस्तलिखितांची पाने सोन्यारंगांनी सजविणारी निपुण चित्रकर्ती होती. घरात ग्रंथ, चित्रे आणि सुंदर वस्तू यांचीच चर्चा चालावयाची. मोठमोठे साहित्यिक पाहुणे म्हणून यावयाचे. अशा घरातील मुलगा कवी किंवा चित्रकार व्हावा, हीच सर्वांची अपेक्षा!

पण या मुलाचे चित्त भलतीकडेच होते. अरबस्तानातील कामगिरीमुळे नामांकित झालेले टी. ई. लॉरेन्स घरी आले, की छोट्या ख्रिस्तोफरला कुतूहल वाटे ते त्यांच्या मोटारसायकलचे, असे सांगतात. आईचे शिवणयंत्र चालविण्यासाठी त्याने लहानसे वाफेचे यंत्र जोडल्याची हकीकतही सांगितली जाते. वडिलांना मात्र हातांना तेल-वंगण फासून घेण्याचा हा नाद मुळीच पसंत नव्हता. मुलाने आपली निराशा केली, असे त्यांना वाटत असे, आणि ती नाराजी त्यांनी फारशी लपवूनही ठेविली नाही. ज्या घरात जगातील सौंदर्याची पारख होत होती, त्या घरात शेजारच्याच खोलीत वाढणाऱ्या एका बुद्धीची पारख होऊ नये, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा.

ग्रेशॅम्स या शाळेतील शिक्षण आटोपल्यावर ख्रिस्तोफर यांनी केंब्रिजच्या पीटरहाउस महाविद्यालयात यंत्रशास्त्राचा अभ्यास केला. काही काळ बेडफर्ड येथील एका यंत्रनिर्मितीच्या कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली. पुढे रेडिओविषयक संशोधनासाठी ते पुन्हा केंब्रिजला परतले, आणि १९३५ साली मार्कोनी कंपनीत रुजू झाले. तेथे त्यांनी पंधरा-सोळा वर्षे काढली. १९३७ साली मार्गारेट बेल्शॅम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दुसऱ्या महायुद्धात विमानांना दिशा दाखविणारी व शत्रूची रडारकेंद्रे हुडकून काढणारी उपकरणे तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. या कंपनीत असताना त्यांच्या नावावर ३६ पेटंटे नोंदली गेली.

युद्ध संपले. हाताखाली माणसे आली, मान मिळाला. परंतु हाताने काही घडविण्याची संधी कमी होत गेली. कागदांवर सह्या करणे हे कॉकरेल यांच्या वृत्तीला मानवणारे नव्हते. मार्गारेटबाईंना वडिलांकडून काही वारसा मिळाला होता. त्या पैशातून पतिपत्नींनी इंग्लंडच्या पूर्व भागातील नॉरफोक-सफोकच्या उथळ जलाशयांच्या प्रदेशात नावा बांधण्याचा व भाड्याने देण्याचा एक लहानसा व्यवसाय विकत घेतला. १९५१ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, चांगली नोकरी सोडून हा इंजिनियर नावाडी बनला!

व्यवसाय बेताचाच चाले. पण त्यातूनच कॉकरेल यांना आयुष्याचा प्रश्न सापडला. नाव पाण्यातून जाते तेव्हा पाणी तिच्या बुडाला चिकटून तिला मागे ओढते, लाटा उठविण्यातही इंजिनाची पुष्कळ शक्ती खर्ची पडते. हा विरोध कमी कसा करावा? नावेचे बूड आणि पाणी यांच्यामध्ये हवेचा थर घालावा, ही कल्पना नवी नव्हती. सर जॉन थॉर्निक्रॉफ्ट या इंग्रज नौकाशास्त्रज्ञांनी १८७० नंतरच्या दशकात त्या दिशेने प्रयोग केले होते. परंतु हवा बुडाखाली टिकून राहत नसे. कॉकरेल यांनीही प्रथम पातळ थराचाच प्रयत्न केला आणि त्यांच्याही पदरी अपयश आले. तेव्हा त्यांनी विचाराची दिशाच बदलली. पातळ थराने काम होत नसेल तर जाड गादी का करू नये? नाव पाण्यात ठेवून हवा खाली सोडण्याऐवजी नावच पाण्यातून वर उचलली तर? मात्र ही गादी सर्व बाजूंनी उघडी; तिच्यातील हवा कोंडून ठेवावयाची कशी, हा खरा पेच होता.

१९५५ साली या पेचाचे उत्तर त्यांना सापडले, आणि तेही घरातल्या अडगळीच्या साहाय्याने. त्यांनी दोन रिकामे डबे घेतले. एक कॉफीचा मोठा डबा व दुसरा मांजराच्या खाण्याचा लहान डबा. लहान डबा मोठ्या डब्यात असा बसविला, की दोहोंच्या मध्ये सभोवार एक अरुंद फट राहावी. या फटीतून त्यांनी यंत्राने हवेचा झोत खाली सोडला, आणि त्या झोताखाली स्वयंपाकघरातील तराजू ठेविला. आधी एकाच डब्यातून सरळ झोत सोडून तराजूवर किती दाब पडतो ते पाहिले होते. आता कड्यासारख्या फटीतून तीच हवा सोडताच तराजूचे पारडे कितीतरी अधिक खाली गेले!

असे का व्हावे, हे आमच्या बालवाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. एकाच तोंडातून सुटलेला झोत खाली आपटतो व चहूकडे पसरून वाया जातो. परंतु कड्याच्या आकाराचा झोत हा एखाद्या गोल पडद्यासारखा असतो. त्या पडद्याच्या आतील हवेला बाहेर निसटावयास वाट मिळत नाही. ती आत कोंडली जाते, तिचा दाब वाढतो आणि तोच दाब वरच्या वस्तूला उचलून धरतो. भिंत आहे, पण ती विटांची नाही. हवेनेच हवेला कोंडले आहे. पेच सुटला होता.

१२ डिसेंबर १९५५ रोजी कॉकरेल यांनी पेटंटासाठी अर्ज केला आणि हलक्या लाकडाची एक प्रतिकृती तयार केली. लहानशा इंजिनावर चालणारी ती प्रतिकृती जमिनीवरून आणि पाण्यावरून सारख्याच सहजतेने जात असे. आता लोक हा शोध उचलून धरतील, असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात घडले ते उलटेच. जहाजे बांधणाऱ्यांनी हे जहाज नव्हे म्हणून हात झटकले; विमाने बांधणाऱ्यांनी हे विमान नव्हे म्हणून पाठ फिरविली. चाके नसल्यामुळे ती मोटारही नव्हती. वस्तू नवी असली, की तिला ठेवावयास जगाच्या फडताळात कप्पाच नसतो!

त्यातच आणखी एक संकट ओढवले. युद्धकार्यात या शोधाचा उपयोग होईल या समजुतीने सरकारने तो गुप्त यादीत घातला. लष्कराने तो मनावर घेतला असता, तर निदान काम तरी पुढे सरकले असते. परंतु कोणत्याच दलाला त्याची निकड वाटेना. सरकार स्वतः तो वापरीना आणि इतरांपुढे तो उघड करण्याची कॉकरेल यांना मुभा राहिली नाही. असा कोंडमारा १९५८ पर्यंत चालला. या काळात घरखर्च आणि प्रयोग एकाच तुटपुंज्या उत्पन्नातून चालवावयाचे होते. चीजवस्तू विकून कॉकरेल यांनी प्रयोगांसाठी पैसा उभा केला. मार्गारेटबाईंनी या सर्व ओढगस्तीत पतीला साथ दिली. वारशाचा पैसा त्यांचा, धोकाही त्यांचा, आणि यशाची खात्री मात्र कोणाचीच नाही, अशी ती स्थिती होती. संशोधकांची चरित्रे वाचताना आपण त्यांच्या घरातील या मूक भागीदारांस विसरतो. आम्हांस वाटते, की हवेच्या त्या गादीखाली मार्गारेटबाईंच्या धैर्याचाही आधार होता.

अखेर १९५८ साली गुप्ततेचे बंधन उठले आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळाने या कार्यास द्रव्यसाहाय्य देऊ केले. वाइट बेटावरील काउझ येथे सॉन्डर्स-रो या कंपनीने पहिले मोठे हॉवरक्राफ्ट बांधले. त्याचे नाव एस्. आर्. एन्. १. सुमारे नऊ मीटर लांबीचे, चार टन वजनाचे हे विचित्र वाहन ११ जून १९५९ रोजी लोकांना दाखविण्यात आले. त्याच्या तळाचा विस्तार एवढा मोठा होता, की दर चौरस मीटरला शंभर किलोपेक्षाही कमी भार पडे. वातावरणाचा नेहमीचा दाब दर चौरस मीटरला सुमारे दहा हजार किलो असतो, हे लक्षात घेतले म्हणजे केवढ्या अल्प दाबावर ते चार टन तरंगत होते, ते कळून येईल.

त्यानंतर दीड महिन्याच्या आतच परीक्षेचा दिवस आला. फ्रेंच वैमानिक ब्लेरिओ यांनी विमानातून इंग्लिश खाडी प्रथम ओलांडली ती २५ जुलै १९०९ रोजी. बरोबर पन्नास वर्षांनी, २५ जुलै १९५९ रोजी, एस्. आर्. एन्. १ हे फ्रान्सच्या कॅले बंदराहून इंग्लंडच्या डोव्हर बंदराकडे निघाले. चालक होते कॅप्टन पीटर लॅम्ब आणि त्यांच्या जोडीला जॉन चॅप्लिन. कॉकरेल स्वतः कोठे होते? एखाद्या मानाच्या खुर्चीवर नव्हे. ते बाहेर उघड्या तळावर उभे होते आणि वाहनाचा तोल राखण्यासाठी वजन जिकडे हवे तिकडे सरकत होते. एकोणपन्नास वर्षांचा हा संशोधक स्वतःच्या शोधावर जिवंत वजन बनून उभा होता! सुमारे दोन तासांत खाडी पार झाली. हवेवर तरंगणारे हे वाहन खाडीवरही चालते, हे जगाने पाहिले.

पुढील सुधारणाही भराभर झाल्या. वाहनाच्या कडेला रबरी कापडाचा लवचीक घेर लावण्याची युक्ती सेसिल लॅटिमर-नीडहॅम यांनी काढली. त्यामुळे हवा कोंडणे सोपे झाले व मोठ्या लाटांवरून जाणे शक्य झाले. १९६८ साली मोटारी व उतारू घेऊन जाणाऱ्या प्रचंड हॉवरक्राफ्टांची खाडीपार वाहतूक सुरू झाली. ती २००० सालापर्यंत चालली आणि नंतर इंधनाचा खर्च, बोटींची स्पर्धा व समुद्राखालील बोगदा यांपुढे तिचा निभाव लागला नाही. परंतु दलदल, उथळ किनारे, बर्फाळ नद्या अशा ठिकाणी या वाहनास तोड नाही. आपल्या भारतीय तटरक्षक दलानेही २००० सालापासून अशी वाहने किनाऱ्याच्या राखणीसाठी घेतली.

परंतु आमच्या मते या तत्त्वाची अधिक नवलाची बाजू समुद्रावर नसून छपराखाली आहे. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतील इंजिनियरांनी हवेची गादी कारखान्यात आणिली. तिचे श्रेय एकट्या कॉकरेल यांचे नव्हे. अनेक हात त्यास लागले. कॉकरेल यांचे वाहन पुष्कळ हवा थोड्या दाबाने वापरीत असे. या नव्या साधनाने थोडीच हवा मोठ्या दाबाने वापरली. त्यालाच एअर स्केट म्हणतात. त्याच्या चपट्या पाटाखाली सायकलच्या ट्यूबसारखे एक रबरी कडे असते. दाबलेली हवा सोडताच कडे फुगते, जमिनीशी लागते आणि मधल्या जागेत हवा कोंडली जाते. दाब पुरेसा झाला, की ओझे वर उचलले जाते व थोडी हवा कड्याखालून सतत निसटू लागते. ही निसटणारी हवाच कड्याचा जमिनीशी स्पर्श होऊ देत नाही. तिचा थर कागदाएवढाच जाड असतो. पण तेवढ्याने घर्षण जवळजवळ नाहीसे होते. वीस टनांच्या यंत्रास हलविण्यास वीसपासून शंभर किलोपर्यंतचा रेटा पुरतो.

गणितही सोपे आहे. चार पाटांखालील मिळून क्षेत्र एक चौरस मीटर धरले, तर वीस टन उचलण्यास वातावरणाच्या सुमारे दुप्पट दाब जादा लागतो. गॅरेजमध्ये मोटारीच्या चाकात हवा भरतात ती जवळपास एवढ्याच दाबाची! त्या ओळखीच्या हवेतच वीस टन उचलण्याचे सामर्थ्य होते. ते ओळखणारा कोणी तरी हवा होता, इतकेच.

मात्र या साधनाची पथ्ये कडक आहेत. जमीन गुळगुळीत आणि न झिरपणारी पाहिजे. फरशीत एक भेग असली तरी तीतून हवा निघून जाते व पाट खाली बसतो. म्हणून अशा जागी पत्रे अंथरावे लागतात. जमीन सपाट हवी. कारण किंचित उतार लागला तरी ओझे आपण होऊन त्या बाजूस चालू लागते. घर्षण गेले म्हणजे अडथळा गेला, तसा आवरही गेला. जे ओझे चार माणसांनी सहज सुरू होते, ते एकदा वेगात आले म्हणजे त्याच चार माणसांस थांबविता येत नाही. म्हणून जाणते कामगार ते अगदी हळू नेतात, आणि काही बिघाड होताच हवा बंद करितात. हवा जाताच ओझे जागच्या जागी बसते. घर्षणाला आपण शत्रू म्हणतो खरे. पण तोच आपला पहारेकरीही आहे.

ज्या ट्रान्सफॉर्मरने आम्ही या लेखाचा आरंभ केला, त्याच्याही साहाय्यास हवा धावून आली. १९६७ च्या सुमारास इंग्लंडात दीडशे टनांच्या घरातील ट्रान्सफॉर्मर नेताना वाटेतील जुने पूल हे ओझे पेलतील की नाही, अशी शंका होती. तेव्हा गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांमध्ये हवेची गादी बसविण्यात आली. चाकांवरील भाराचा काही हिस्सा या गादीने आपल्या अंगावर घेऊन पुलाच्या विस्तृत भागावर पसरून दिला, आणि तो निर्विघ्नपणे पार झाला.

कॉकरेल यांच्या उत्तरायुष्याकडे वळताना मन थोडे खिन्न होते. मानसन्मान मिळाले, १९६७ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९६९ साली सर ही पदवी मिळाली. परंतु ज्या महामंडळाच्या साहाय्याने शोध आकारास आला, त्याच्याशीच धोरणाच्या बाबतीत त्यांचा खटका उडाला आणि १९६६ साली त्यांना आपल्याच शोधाच्या कारभारातून बाहेर पडावे लागले. ज्या शोधासाठी घरातील वस्तू विकल्या, त्याने त्यांना धनवान केले नाही. तथापि कुढत बसणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. १९७० नंतर समुद्राच्या लाटांपासून शक्ती मिळविण्याच्या खटपटीत ते पडले. लाटांबरोबर वरखाली होणाऱ्या, एकमेकांस जोडलेल्या तराफ्यांची योजना त्यांनी मांडली. खनिज तेल एक दिवस संपणार, ही चिंता त्यांनी पुष्कळ आधी केली होती. मार्गारेटबाई १९९६ साली निवर्तल्या. १ जून १९९९ रोजी, नव्वदीच्या उंबरठ्यावर, हॅम्पशायरमधील हाइथ या गावी कॉकरेल यांनी देह ठेविला. आणखी दहा दिवस जगते, तर एस्. आर्. एन्. १ च्या प्रथम दर्शनास चाळीस वर्षे पूर्ण झालेली त्यांनी पाहिली असती.

या चरित्रातून आमच्या शाळेतील विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली याच बडोद्यात कलाभवन स्थापिले, ते हाताच्या विद्येस ग्रंथविद्येच्या पंक्तीस बसविण्यासाठी. सुसंस्कृत घरातही त्या विद्येची उपेक्षा कशी होते, हे कॉकरेल यांच्या बालपणात आपण पाहिले. तेव्हा पालकांस आमची विनंती आहे, की घरातील मूल जुनी यंत्रे उसकटून बसले असेल, तर रागावण्यापूर्वी ते काय शोधीत आहे, एवढे विचारावे. आणि विद्यार्थ्यांस आम्ही सांगू, की प्रयोगशाळा मोठी नाही म्हणून हताश होऊ नका. दोन रिकामे डबे आणि एक तराजू तुमच्याही घरी आहे. फट किती ठेवावयाची, एवढेच शोधावयाचे आहे.